राजूच्या हळदीबद्दल, आई-बाबांना

ती. आई-बाबा,
शि. सा. न.

फोनवर बोलले असते, पण फोनवर बाबा नुसतं 'हो हो' म्हणतात आणि आई मध्येच 'जेवलीस का?' विचारते. म्हणून लिहितेय. सावकाश वाचा, आणि रागावायचं असेल तर शेवटापर्यंत वाचून मग रागवा.

राजूच्या हळदीला तुम्ही दोघांनी जायचंच आहे. पण बाबांच्या कानांसाठी डीजे सुरू व्हायच्या आत तिथून निघायचं. अण्णाकाकांशी माझं बोलणं झालंय. आधी ते जरा गप्प झाले, मग म्हणाले, "पहिली हळद वहिनीच्या हातची लागू दे, मग निघा खुशाल." म्हणजे आई, तुझा मान कुठे जात नाही. बदलापूरहून परत यायला गाडी सांगून ठेवली आहे, एसीची. तुला मळमळतं म्हणून पुढची सीट तुझी. जेवण तिथंच लवकर वाढून देणार आहेत, बाबांसाठी कमी तिखटाचं वेगळं काढून ठेवतील. साडेनऊपर्यंत तुम्ही नौपाड्यात, आपल्या पलंगावर, आपल्या पंख्याखाली. दुसऱ्या दिवशी मुहूर्ताला पहिल्या रांगेत बसा. सनई-चौघड्याला माझी काही हरकत नाही.

बाबा, तुम्हाला वाटेल की पोरगी पुण्यात बसून हुकूम सोडते. तसं नाही. घाणेकर नाट्यगृहात गाण्याला गेलो होतो तेव्हा तुम्ही म्हणालात, तंबोरा लागलेला नाही, जवारी मेल्यासारखी वाटते. तंबोरा उत्तम लागला होता, बाबा. त्यातली वरची बारीक झणझण तुमच्यापर्यंत पोचत नव्हती. तेव्हापासून माझ्या जिवाला घोर लागलाय. नातवाचं, निहारचं बोलणं तुम्हाला कळत नाही आणि आईचं कळतं, तेही त्यातलंच. आधी उंच पट्टीचे आवाज जातात. स, श, फ अशी अक्षरं गळतात, मग वाटतं की समोरचा पुटपुटतोय.

वागळे इस्टेटच्या कारखान्यातल्या त्या प्रेस शॉपमधून, पत्रा ठोकणाऱ्या मशीनांच्या आवाजातून, तुम्ही घरी यायचात तेव्हा केवढ्या मोठ्यानं बोलायचात! मला वाटायचं बाबा चिडलेत. आई म्हणायची, थांब, रविवारी बघ. आणि रविवारी दुपारपर्यंत तुमचा आवाज खरंच मऊ व्हायचा, मांडीवर घेऊन गोष्ट सांगायचात. ते चिडणं नव्हतंच. आवाजानं कान बधिर व्हायचे आणि सुट्टीत थोडे सावरायचे. कानाच्या आत शंखासारखी पोकळी असते, तिच्यात केसांसारख्या टोकाच्या बारीक पेशी असतात. त्या थकतात तोवर ठीक, पुन्हा उभ्या राहतात. मेल्या की माणसाच्या कानात नव्या येत नाहीत. आमच्या शाळेची फी, माझं हॉस्टेल, सगळं त्या प्रेसच्या आवाजातून आलंय, हे मी विसरलेली नाही. म्हणूनच जे उरलंय ते मला एका रात्रीच्या डीजेला द्यायचं नाहीये.

हिशोबही सांगते, कारण हिशोबाशिवाय तुम्हाला पटणार नाही. ८५ डेसिबलचा आवाज दिवसाला ८ तास, ही कामगारांसाठी सुचवलेली मर्यादा. पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. ८८ ला ४ तास, ९१ ला २, असं करत १०० ला फक्त १५ मिनिटं. डीजेच्या भिंतीसमोर १०० सहज ओलांडतात. दहानंतर लाउडस्पीकर बंद हा २००० सालचा नियम आहे, पण हळदीच्या मांडवात घड्याळाकडे कोण बघतं?

तरी कुणी आग्रहानं थांबवलंच, तर स्पीकरपासून जेवढं लांब जाता येईल तेवढं जा. उघड्यावर अंतर दुप्पट झालं की साधारण ६ डेसिबल कमी होतात. शिवाय कुरिअरनं फोमचे प्लग पाठवलेत, ते खिशात ठेवा. बोटांनी वळून बारीक करायचे, दुसऱ्या हातानं कानाचा वरचा भाग वर आणि मागे ओढायचा, प्लग आत सरकवायचा आणि फुगेपर्यंत बोटानं धरून ठेवायचा. नुसता कापूस कोंबू नका, त्यानं फारसं काही अडत नाही.

कौपिनेश्वराच्या देवळापाशी ढोल-ताशा आला की तुम्ही मला खांद्यावर घेऊन दोन्ही तळव्यांनी माझे कान झाकायचात, असं आई सांगते. मला फक्त ते गरम तळवे आठवतात.

आता निहार. मे महिनाभर तो तुमच्याकडे आहे. पोहण्याच्या क्लासहून आला की मान एकेका बाजूला कलती करून पाणी निथळू द्यायचं आणि पंचानं बाहेरून टिपायचं, बस्स. बड नको, काडी नको, आणि आई, लसणाचं कोमट तेल तर अजिबात नको. तू माझ्या कानात घालायचीस तेव्हा मी तुझ्या मांडीवरच झोपायचे, ते सुख मला ठाऊक आहे. पण ठाण्याच्या दमट हवेत ओल्या कानात तेल गेलं की बुरशीला आयतं घर मिळतं. पाळी ओढल्यावर दुखलं तर पोहणं बंद आणि थेट कानाच्या डॉक्टरकडे. लग्नात त्याच्यासाठी हेडफोनसारखे आवाज अडवणारे इअरमफ दिलेत, त्याला हसू नका.

शेवटची गोष्ट, बाबा. हळदीच्या आधीच्या मंगळवारी सकाळी दहाला तुमची कानाची तपासणी ठरवली आहे, आपल्या गल्लीपासून चालत जाण्याइतक्या अंतरावर. हळदीनंतर मुद्दाम घेतली नाही, गोंगाटातून आलेल्या कानाचं माप चुकतं. सुई नाही, दुखणं नाही. बंद केबिनमध्ये बसायचं आणि आवाज आला की बटण दाबायचं. कदाचित नुसता मळही निघेल. मशीन लावायचंच असं मी ठरवलेलं नाही. ते तुम्ही, मी आणि डॉक्टर मिळून बघू. दुसरं मत हवं असेल तर वांद्र्याच्या अली यावर जंग या वाचा-श्रवण संस्थेत मी स्वतः घेऊन जाईन.

सोमवारी रात्री टीव्ही हळू ठेवा. सगळ्या गोळ्यांची नावं चिठ्ठीवर लिहून न्या, काही औषधांचा कानावर परिणाम होतो म्हणून ते विचारतील. आई, तू बरोबर जा आणि तुझीही तपासणी करून घे. पैसे भरलेत, दोघांचे.

तुमची,
मनू

ता. क. – अण्णाकाकांसमोर बाबांनी 'मनूनं सांगितलंय' असं खुशाल म्हणावं. वाईटपणा माझ्याकडे आला तर चालेल.