तिची चूक आणि माझे गप्प बसणे

संपादक महोदय,

स.न.वि.वि.

रुग्णालयातील नजरचुकीने रुग्ण दगावल्याची आणि परिचारिकेला निलंबित केल्याची बातमी अधूनमधून वाचनात येते. प्रत्येक वेळी मला माझी एक रात्रपाळी आठवते. मी ३१ वर्षे परिचारिका होते. पुढची गोष्ट नोकरीत असेपर्यंत मी कोणालाही सांगितली नाही.

इंजेक्शनची पावडर विरघळवायला डिस्टिल्ड वॉटर हवे होते. ट्रेमधली अँप्यूल उचलली, फोडली, सिरिंज भरली. रिकामी अँप्यूल टाकताना तिच्यावरच्या अक्षरांकडे लक्ष गेले. पोटॅशियम क्लोराइड. दोन्ही अँप्यूल एकाच आकाराच्या आणि आतले द्रव पाण्यासारखेच. हे औषध पातळ न करता थेट शिरेत गेले तर हृदय बंद पडू शकते. मी ती सिरिंज टाकून दिली, नवी भरली आणि कोणाला काही बोलले नाही.

काही वर्षांनी एका सहकारी सिस्टरच्या हातून हेच घडले. तिची नजर वेळेत त्या अक्षरांवर पडली नाही. रुग्ण गेला, तिला निलंबित केले, चौकशी लागली. ‘एवढी साधी अक्षरे वाचता येऊ नयेत?’ असे सगळे म्हणत होते. त्या बोलणाऱ्यांत मीही होते, याची मला आजही लाज वाटते. आम्हा दोघींच्या चुकीत तसूभरही फरक नव्हता. तिचा परिणाम वाईट झाला म्हणून ती गुन्हेगार ठरली आणि मी अनुभवी म्हणून नवीन मुलींना शिकवत राहिले.

तीव्र पोटॅशियम वॉर्डात हाताशी ठेवू नये, ही काही माझी कल्पना नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ साली रुग्णसुरक्षेचे नऊ उपाय जाहीर केले. त्यांत अशा द्रावणांवर नियंत्रण ठेवण्याचा एक उपाय आहे आणि दिसायला किंवा ऐकायला सारख्या औषधांविषयीचा दुसरा. शपथेवर काम करणारी, वर्षानुवर्षे हात बसलेली माणसेही ही चूक करतात, हे तिथे गृहीत धरले आहे. किंबहुना हात बसल्यामुळेही ती होते. नवखी मुलगी प्रत्येक लेबल दोनदा वाचते. आमचे हात मात्र न बघता ओळखीच्या जागी जातात.

याचा अर्थ सगळे माफ करावे असा नाही. औषध भरताना मोबाइलवर बोलणारी, दोघींनी मिळून करायची तपासणी एकटीनेच सही करून उरकणारी, हे नजरचुकीत बसत नाही. धोका माहीत असून तो पत्करणे म्हणजे बेपर्वाई, आणि तिला शिक्षा झालीच पाहिजे. चौकशीत पहिला प्रश्न हाच हवा: तिला त्या क्षणी धोका दिसत होता का? प्रत्यक्षात पहिला प्रश्न असतो, रुग्ण वाचला की गेला.

विमानक्षेत्राने यातून वाट काढली आहे. अमेरिकेत १९७६ पासून एक योजना चालू आहे. वैमानिकाने आपली चूक १० दिवसांच्या आत कळवली, ती अजाणता झालेली असली आणि त्यात अपघात किंवा गुन्हा नसला, तर सहसा त्याचा दंड माफ होतो. त्याचे नाव गुप्त राहते. हे अहवाल विमान नियंत्रण खात्याकडे न जाता ‘नासा’कडे जातात, कारण शिक्षा करणाऱ्याच्याच हातात कबुली द्यायला कोण धजावेल?

माझ्या त्या रात्री असे काही असते तर मी नक्की लिहून दिले असते असे छातीठोकपणे म्हणणार नाही. पण लिहून दिले असते तर कदाचित त्या दोन अँप्यूल एका ट्रेमध्ये राहिल्या नसत्या. चुकीची अँप्यूल उचलल्याचा दोष मी स्वतःला देत नाही. गप्प बसल्याचा देते. त्या सिस्टरपेक्षा माझी जबाबदारी मोठी होती, आणि मला एक साधा मेमोसुद्धा मिळाला नाही.

गेलेल्या रुग्णाच्या नातेवाइकांचे दुःख यात कुठेही कमी लेखत नाही. अशा काही कुटुंबांजवळ मी बसले आहे. काय झाले ते आम्हाला खरे खरे सांगा, एवढेच ते पुन्हापुन्हा विचारत. निलंबनाचा आदेश निघाला की ते सांगायला कोणीच उरत नसे. सगळे वकिलाला विचारून बोलू लागत.

आपल्या वार्ताहरांना एक विनंती आहे. अशी बातमी देताना निलंबित कोण झाले हे जरूर द्या, पण महिन्याभराने पुन्हा त्या वॉर्डात जा. ते औषध कुठे ठेवले आहे, लेबल बदलले का, रात्रपाळीला एका सिस्टरकडे किती खाटा आहेत, हे विचारा आणि छापा. त्या सिस्टरच्या निलंबनानंतर मी आमच्या वॉर्डातला ट्रे पाहिला होता. दोन्ही अँप्यूल शेजारी शेजारीच होत्या.

आपली,
एक निवृत्त परिचारिका