सूचना: शनिवारी रँचवर घोड्यांची निवड आणि लसीकरण

मंडळी, शनिवारी सकाळी ७ वाजता रँचच्या मोठ्या फाटकाशी जमायचं आहे. कोलोरॅडोतला एप्रिल आहे, बर्फही पडू शकतो. जाड जॅकेट आणि टणक बूट हवेतच. सँडलवाल्यांना कुंपणाबाहेर उभं करू.

आधी हिवाळाभर एकत्र राहिलेला कळप वेगळा करायचा: कामाचे घोडे, गाभण घोड्या, म्हातारे. हाकण्याचं काम रँचची माणसं करतील, आपण फक्त फाटकं सांभाळायची. आरडाओरडा नको. मागून जाऊन पाठीवर थाप तर मुळीच नको!

मग पशुवैद्य धनुर्वात, मेंदूज्वर, वेस्ट नाईल (डासांमुळे पसरणारा विषाणूजन्य आजार) आणि रेबीजच्या लसी देतील, कॉगिन्स चाचणीसाठी (घोड्यांच्या संसर्गजन्य रक्तक्षयाची तपासणी) रक्त घेतील. म्होरकी धरणाऱ्याने पशुवैद्यांच्याच बाजूला उभं राहावं, म्हणजे घोडा बिथरला तर त्याचं तोंड आपल्याकडे आणि मागचे पाय पलीकडे वळवता येतात. नालबंद खुरं तासत असताना गप्पा बंद.

नवख्यांसाठी खरारा आहेच. हिवाळी केस पुंजक्यांनी गळताहेत, काळे कपडे घालू नका.

मुलांनी कोवळं गवत उपटून भरवू नये. एकदम जास्त खाल्लं तर खुरांना सूज येऊन घोडा लंगडतो.

नावं गुरुवारपर्यंत कळवा, पोह्यांचा अंदाज त्यावरच.