खालची बागायत देऊ नका

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

बाबा, परवा तुम्ही म्हणालात, खाणवाले भाव बरा देतायत, आता आमच्याने होत नाही, खालची बागायत देऊन टाकूया. फोनवर मला नीट बोलता आलं नाही, म्हणून लिहिते. मी येईपर्यंत कुठल्याही कागदावर सही करू नका.

खाणीवर माझा राग नाही. आमची शिक्षणं, ताईचं लग्न, घरावरचा स्लॅब, सगळं तुमच्या ट्रकने केलं. पण त्या पैशाची तऱ्हाही मी पाहिली आहे. पावसाळ्यात रेडी बंदर बंद, बार्ज बंद, बाहेर नांगरलेल्या जहाजांपर्यंत माल जायचा नाही, की ट्रक दारात. चीनला हलकं लोहखनिजही हवं होतं तेव्हा हप्ते वेळेवर फिटले. भाव पडला तसे वाडीतले ट्रक ओढून नेले. पलीकडे गोव्यात 2012 मध्ये खाणी थांबल्या, आणि 2018 मध्ये तर सुप्रीम कोर्टाने 88 लीज रद्द केल्या. डिचोलीकडे रांगेने गंजत उभे असलेले ट्रक तुम्हीच मला दाखवलेत.

आपल्याला सांभाळलं ते गोव्याच्या हद्दीने. तेरेखोलचा किल्ला 1746 मध्ये पोर्तुगीजांनी सावंतांकडून घेतला आणि तो तुकडा खाडीच्या आपल्या बाजूला असूनही गोव्याचाच राहिला. त्यामुळे आपण रेडीतून चालत गोव्यात जातो, आणि तेरेखोलच्या माणसाला केरीला जायला फेरीबोट लागते! पेट्रोल तिकडचं, आजारपणात बांबोळीचं हॉस्पिटल, आता वाडीतली पोरं मोपाच्या विमानतळावर कामाला. 1976 मध्ये खाणीच्या जागेत सापडलेल्या द्विभुज गणपतीला माणसं येतात, त्यांच्यावरही कितीतरी घरं चालतात. खनिज संपलं तरी हे राहील. बागायतही राहील, पण पाणी राहिलं तर.

आणि भीती पाण्याचीच आहे. आपला सडा, म्हणजे वरचं पठार, जांभ्याचा. पाऊस त्यात मुरतो आणि उन्हाळाभर खाली झिरपत राहतो, त्यावर आपली विहीर. खाण विहिरीच्या तळापेक्षा खोल गेली की तेच पाणी खड्ड्यात उतरतं आणि पंपाने बाहेर फेकलं जातं. आई, वरच्या घरांच्या विहिरी एप्रिल यायच्या आत तळ दाखवतात असं तूच म्हणालीस. काजूचा मोहोर धुळीने लाल झालेला, तू बोटाने पुसलास तर खालचं फूल करपलेलं होतं, ते मी विसरलेले नाही. दोडामार्गकडच्या कळण्याला जुलै 2021 मध्ये खाणीचा बांध फुटून बागायतीत चिखल शिरला, तेव्हा नुकसानभरपाईची भाषा झाली. पण भरपाई मिळाली म्हणून पोफळ एका वर्षात धरत नाही.

बाबा, तुमचे गुडघे दुखतात, हे मला कळतं. म्हणून माझं म्हणणं एवढंच: बागायत निम्म्या वाट्याने करायला द्या. शेजारचे काका तयार आहेत, मी त्यांच्याशी बोलले आहे. पंपाचं बिल आणि नारळ पाडायची मजुरी मी दर महिन्याला पाठवीन. जो माणूस पैसे घेऊन येतो, त्याला सांगा, मुलगी आल्याशिवाय बोलणार नाही. तोवर सातबारा आणि फेरफार तलाठ्याकडून काढून घ्या, आजोबांचं नाव अजून तसंच असेल तर आधी तेच निस्तरावं लागेल. आई, कपाटातल्या पत्र्याच्या डब्यात जुनी पावती आहे, तिचा फोटो पाठव.

गणपतीला चार दिवस आधी येते.

तुमची,
सुमन