नाटक शिकायला धारवाडला गेले तर काय बिघडते?

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत नाट्यदिग्दर्शक इब्राहिम अल्काझी यांच्यावर आलेला लेख वाचला. एवढ्या आडबाजूला बसून आम्हाला अशी माणसे वाचायला मिळतात, याबद्दल आभार. पण लेखात ते जणू थेट अरबस्तानातून दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयात उतरले, असे चित्र उभे राहते. मधला सगळा प्रवास गळला आहे, आणि आम्हा सीमाभागातल्या हौशी नाटकवाल्यांच्या कामाचा भाग नेमका तोच आहे. आमची पोरे कानडीत नाटक शिकायला जवळच्या धारवाडला का जात नाहीत, या प्रश्नाशी तो जोडलेला आहे.

अल्काझी जन्मले पुण्यात, 18 ऑक्टोबर 1925 रोजी. वडील सौदी अरेबियातून आलेले व्यापारी, आई कुवेतची. घरात अरबी बोलायची, शाळा सेंट व्हिन्सेंटची इंग्रजी, आणि दाराबाहेर पेठांचे पुणे. पुढे मुंबईला झेवियर्समध्ये गेल्यावर ते सुलतान पदमसी यांच्या थिएटर ग्रुपमध्ये ओढले गेले. फाळणीनंतर घरची मंडळी पाकिस्तानात गेली, हे एकटे इकडे राहिले. परक्या मुलखातून आलेल्या बापाच्या मुलाने देश निवडला तो असा. मग लंडन. तिथल्या रॉयल अकॅडमी ऑफ ड्रॅमॅटिक आर्टमध्ये रीतसर शिक्षण घेतले. तिकडेच राहण्याची संधी असूनही ते परत आले.

मुंबईत 1954 मध्ये त्यांनी थिएटर युनिट काढले. स्वतः नट म्हणून इडिपससारख्या भूमिका केल्या, कंबाला हिलवर ज्या इमारतीत राहत होते तिच्या गच्चीवर रंगमंच उभारला आणि ग्रीक नाटके तिथे केली. हे सगळे इंग्रजीत. प्रेक्षक मूठभर, तेही दक्षिण मुंबईतले. 1962 मध्ये राष्ट्रीय नाट्य विद्यालयाचे संचालकपद आले तेव्हा त्यांनी वयाच्या सदतिशीत काम करण्याची भाषाच बदलली. ज्या हिंदीवर आपली पकड नाही त्या भाषेत मोहन राकेशांची नाटके केली, धर्मवीर भारतींचे 'अंधा युग' केले. ते 1963 मध्ये दिल्लीतल्या फिरोजशाह कोटल्याच्या पडक्या भिंतींपुढे झाले. महाभारत युद्धाचा शेवटचा दिवस, आणि मागे खऱ्याखुऱ्या मोडक्या कमानी. नेपथ्याचा खर्च वाचला म्हणा हवे तर! पण त्या जागेत नट कुठून चालत येईल, आवाज किती लांब जाईल, उजेड कोणत्या दगडावर पडेल, याचा हिशेब आधी बसवावा लागला असणार. आमच्याकडे गल्लीतल्या स्टेजवर पडदा अडकला की अर्धा तास जातो, म्हणून ही गोष्ट मला जास्त भिडते.

पुढे दिल्लीच्याच पुराना किल्ल्यात त्यांनी 'तुघलक' केले, नट मनोहर सिंग यांना घेऊन. हे नाटक मूळ कानडी, 1964 चे. लिहिणारे गिरीश कर्नाड जन्मले माथेरानला, वाढले शिरसी-धारवाडला, घरची भाषा कोकणी. मराठीत ते विजय तेंडुलकरांनी आणले. धारवाडच्या कॉलेजात शिकलेला लेखक, पुण्यात जन्मलेला अरब दिग्दर्शक, आणि दिल्लीचा किल्ला. आमच्या गावात हेच नाटक करायचे ठरवले असते, तर कानडी नाटक मराठी मंडळाने का करावे यावरच पहिल्या बैठकीत दोन तट पडले असते.

1977 पर्यंत, म्हणजे पंधरा वर्षे, अल्काझी त्या पदावर होते. विद्यार्थ्यांना नुसता अभिनय शिकवून सोडले नाही. प्रकाश, नेपथ्य, वेशभूषा, रंगभूषा, सुतारकाम, सगळे करायला लावले. संडास घाण दिसला तर संचालक स्वतः खराटा घेऊन उभे राहत, असे त्यांचे विद्यार्थी सांगतात. सई परांजपे, रोहिणी हट्टंगडी, ज्योती सुभाष, उत्तरा बावकर, कमलाकर सोनटक्के ही आपली मंडळी त्या काळात तिथे शिकली. कानडीतल्या बी. जयश्रीही तिथल्याच. त्यांच्यावर टीकाही झाली. पाश्चात्त्य शिस्तीचा अतिरेक केला, लोकनाट्याकडे पाठ फिरवली, असे म्हटले गेले. त्यात तथ्य आहे असे मलाही वाटते. त्यांच्यानंतर संचालक झालेल्या बी. व्ही. कारंतांनी ती बाजू पुष्कळ भरून काढली. पण लोकनाट्य आमच्या जत्रांत आहेच. कमी आहे ती शिस्त.

आता बेळगावचे पाहा. ज्या अण्णासाहेब किर्लोस्करांच्या नावाने आपण छाती फुगवतो, ते सौंदत्ती तालुक्यातल्या गुर्लहोसूरचे. बेळगावात नोकरी, बेळगावातच नाटकाचा नाद, आणि 31 ऑक्टोबर 1880 ला पुण्यात 'शाकुंतल'. त्यांच्या पदांत कानडी चाली आहेत, हे नाट्यसंगीताचे जाणकार सांगत आले आहेत. अण्णासाहेबांना त्यात कमीपणा वाटला नाही. आपल्याला मात्र वाटतो. लोकमान्य रंगमंदिरात एकांकिका स्पर्धा होतात, खानापूर-निपाणीकडे जत्रेत नाटके होतात, नट्या बाहेरगावाहून मानधन देऊन आणाव्या लागतात. पंधरा दिवस तालीम, एक प्रयोग, बक्षीस समारंभ, आणि पुन्हा पुढच्या वर्षी श्रीगणेशा. हातात कला असलेली पोरे चार वर्षांत कंटाळतात, नाहीतर पुण्याला निघून जातात आणि मालिकेत पाठमोरी उभी राहतात.

धारवाडला रंगायण ही कर्नाटक सरकारची नाट्यसंस्था आहे, तासा-दीड तासाच्या अंतरावर. शिमोगा जिल्ह्यात, सागर तालुक्यातल्या हेग्गोडूला के. व्ही. सुब्बण्णांच्या नीनासमची नाट्यशाळा 1980 पासून चालू आहे, तीही एका खेड्यात. आमची पोरे तिथे जात नाहीत. विचारले तर सांगतात, कानडीत शिकवतात. अरे, बाजारात, बसमध्ये, तलाठ्याकडे रोज कानडी बोलता ना! मराठी फलक, मराठी कागदपत्रे, मराठी शाळा यांसाठी मोर्चात मीही चाललो आहे, पुढेही चालेन. तो हक्काचा प्रश्न आहे आणि तो सोडायचा नाही. पण लाइटचा डिमर कसा चालवायचा, श्वास कुठे घ्यायचा, हे कानडी मास्तरांकडून शिकल्याने तो हक्क कमी होतो असे मला कोणी पटवून द्यावे. शिकून या आणि मराठीत नाटक करा, कोण अडवतो? आणि कोणी अडवलेच, मराठी प्रयोग बंद पाडायला निघालेच, तर त्या संस्थांत आपल्याबरोबर शिकलेले चार कानडी मित्र आपल्या बाजूने उभे राहतील. आज तसे कोणी नाही.

उलट बाजूलाही सांगायचे आहे. धारवाडच्या मंडळींनी सीमाभागातली मुले हवीत असे खरोखर वाटत असेल तर शिबिरे बेळगावात घ्यावीत, आणि मुलाखतीला आलेल्या मुलाचे कानडी उच्चार ऐकून त्याला परत पाठवू नये. सदतिशीत हिंदीत उतरलेल्या अल्काझींना तसे परत पाठवले असते तर राष्ट्रीय नाट्य विद्यालयाचे काय झाले असते, याचा विचार त्यांनीही करावा.

आपल्याला एक विनंती. एकांकिका स्पर्धेच्या बक्षीस समारंभाचे फोटो आपण अर्धे पान छापता. त्यातल्या दोन रकान्यांत रंगायणच्या शिबिरांची, नीनासमच्या आणि दिल्लीच्या प्रवेशाची माहिती, शेवटची तारीख, फी, राहण्याची सोय, हे मराठीतून वेळेवर छापा. आमच्या मंडळातला एक मुलगा बारावी होऊन बसला आहे, आवाज उत्तम आहे, आणि त्याच्या घरी तुमचाच पेपर येतो.

कळावे,
आपला,
एक जुना हौशी नट
खानापूर, जि. बेळगाव