आजीच्या दाखल्यासोबत

सावईवेरे

चि. सुजय,
अनेक आशीर्वाद. काल फोनवर बाबा ओरडले, ते मनाला लावून घेऊ नकोस. आजीचा जन्मदाखला सोबत पाठवतेय. पुढचा कागद हलवण्याआधी मात्र हे शांतपणे वाच.

तू म्हणालास, पोर्तुगीज होणं म्हणजे नुसता एक कागद. कागदच आहे, पण त्याने दुसरा कागद आपोआप रद्द होतो. नागरिकत्व कायदा 1955, कलम 9: आपणहून दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की भारताचं तिथेच संपतं. नोटीस येत नाही, कोणी सही मागत नाही. परदेशी पासपोर्ट काढला की तोच त्याचा निर्णायक पुरावा, असं नियमातच आहे.

आजीचा जन्म गोवा भारतात येण्याआधीचा, म्हणजे 20 डिसेंबर 1961 च्या आधीचा. म्हणून पोर्तुगालच्या लेखी ती जन्मानेच त्यांची, आणि म्हणून तू. इकडे भारताने 28 मार्च 1962 च्या आदेशाने सगळ्या गोमंतकीयांना त्या 20 डिसेंबरपासूनच भारतीय मानलं. ज्याला नको असेल त्याने महिन्याभरात लेखी कळवायचं होतं. आजी काय कळवणार? तिला तेव्हा मोठ्या आत्याचे डोहाळे लागले होते, आणि कैऱ्या सोडून काही सुचत नव्हतं.

आता क्रम नीट बघ. आधी आजीचा जन्म लिस्बनच्या मध्यवर्ती नोंदणी कार्यालयात चढतो, मग तिचं लग्न, मग बाबांचा जन्म, शेवटी तुझा. मधली कडी गाळता येत नाही, म्हणून बाबांची सही लागते. निवृत्तीला दोन वर्षं उरलीत त्यांची. नुसती जन्मनोंद म्हणजे नागरिकत्व घेणं का, यावर गोव्यात किती वर्षं वाद चालू आहे, तुला ठाऊक आहे. उगाच नाही ओरडले ते.

आमच्या कचेरीतल्या टेबलावर अर्ज अडायचे ते नावांवर. पोर्तुगीज पुस्तकात ‘श’ला एक्स, त्यामुळे शांता एका दाखल्यात एक, दुसऱ्यात दुसरीच. त्यात आजीचं लग्नानंतर नाव बदललं. घरी कोणी तिला शांता म्हणतच नाही. दोन्ही नावं एकाच बाईची, एवढ्या प्रतिज्ञापत्रावर नेहमी भागत नाही, मूळ नोंदीतच दुरुस्ती करावी लागते. लग्नाच्या नोंदीत दुसरी सही झालीय का तेही बघायचं. पहिली सही करून मांडवात बसलेले आणि दुसरी विसरलेले कमी नाहीत. आणि बाबांच्या नोंदीत आईच्या रकान्यात आजीचं नाव ते सज्ञान होण्याआधीच लागलेलं हवं. ते आहे, मी पाहिलंय. दाखले पूर्ण मजकुराचे घे, त्रोटक नकोत; मग अपोस्टिल, म्हणजे परदेशात चालणारा सरकारी शिक्का, मग पोर्तुगीज भाषांतर.

पुन्हा तिथेच येते. तुला इंग्लंडातल्या स्विंडनला जायचंय ना? ब्रेक्झिटनंतर, 1 जानेवारी 2021 पासून, पोर्तुगीज पासपोर्टवर तिथे नव्याने राहता-कमावता येत नाही, व्हिसा लागतो. बंड्याकडे सेटल्ड स्टेटस, म्हणजे तिथे कायम राहायची परवानगी आहे, तो वेळेत गेला. तुझं तसं नाही. आयर्लंड, जर्मनी चालेल. पण मग हा सगळा खटाटोप नक्की कुठल्या गावासाठी, एवढं तरी ठरव.

लेक्चर झालं. माफ कर.

नागरिक म्हणजे मुळात नगरातला. त्यांचा ‘सिदादाँव’सुद्धा शहरावरूनच आला. आपण कुळागरातली, सुपारी-नारळाच्या बागेतली माणसं, दोन्हींत बसत नाही! पण कुळागराचंही सांगायला हवं. परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळतं त्या ओसीआय कार्डावर शेतजमीन, बागायत विकत घेता येत नाही. वारशाने येते. मत मात्र नाही, आणि निवडणुकीलाही उभं राहता येत नाही. पंच होईन म्हणायचास लहानपणी.

घेतलासच तो पासपोर्ट, तर भारतीय पासपोर्ट लगेच सरेंडर कर आणि सर्टिफिकेट जपून ठेव. त्यावाचून ओसीआय अडतं. मतदारयादीतून नाव काढ. दोन्ही पासपोर्ट खिशात ठेवून दाबोळी विमानतळावर उतरू नकोस. तो गुन्हा आहे, आणि तुला खोटं बोलता येत नाही हे मला माहीत आहे.

लिस्बनला स्वतःच्या हिमतीवर पत्रव्यवहार केलास, तेही त्यांच्या भाषेत, याचं आजीला फार कौतुक. तिने तुझं पत्र वाचून घेतलं आणि विचारलं, म्हणजे तो आता व्हिसा काढून घरी येणार?

मी उत्तर दिलेलं नाही. बाबांची सही अजून झालेली नाही.

तुझी,
आई