मन्या, तो बुंधा तोडू देऊ नकोस

दापोली,
१४ जून २०२४

प्रिय मन्या,

परसातला रायवळ आंबा पडला आणि व्यापारी पुढच्या आठवड्यात जळाऊ लाकडाच्या भावाने उचलणार, असं तू काल फोनवर सांगितलंस. रात्रभर तेच डोक्यात होतं. फोनवर सगळं नीट बोलता आलं नाही, म्हणून लिहायला बसलोय.

आमचा विहिरीजवळचा फणस आठवतो ना? ३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धनच्या बाजूला किनाऱ्यावर आलं आणि इकडे आमची निम्मी वाडी आडवी झाली. मग कटरवाले, म्हणजे चेनच्या मोटारकरवतीवाले, गावोगाव फिरू लागले. जो तो म्हणे, आधी वाट मोकळी करा. शेजारच्या दोन फणसांचे माझ्या डोळ्यांदेखत दीड-दीड फुटाचे ठोकळे झाले. ज्या लाकडाचे आपल्या आज्या-पणज्यांच्या घरांचे खांब आणि दारं, ते चुलीत गेलं. आमची पाळी आली तेव्हा मी बुंध्यावरच बसून राहिलो. म्हटलं, फांद्या ने, बुंधा आठ फूट अखंड राहू दे.

पुढे अडचण अशी, की अठ्ठावीस इंचांचा ओंडका वखारीतल्या करवतीत मावेना. त्यांनी मधोमध चिरून देतो म्हणून सांगितलं, म्हणजे रुंदीच गेली. पूर्वी असा ओंडका तिरक्या मांडवावर चढवून दोघे जण मोठा आरा ओढायचे, एक वर, एक खाली. ती माणसं आता कुठून आणायची? शेवटी एका ओळखीच्याकडे छत्तीस इंची पात्याचा कटर आणि त्याला बसणारी लोखंडी चौकट मिळाली. चौकट पात्याला घट्ट बसते आणि वरच्या सपाट पृष्ठावर सरकत जाते, त्यामुळे फळी सगळीकडे सारख्या जाडीची निघते. पण पहिल्या कापाला वर सपाट काहीच नसतं. म्हणून ॲल्युमिनियमची शिडी पाणसळ लावून ओंडक्यावर स्क्रूने बसवली आणि तिच्यावरून चौकट ढकलली. चेन मात्र वेगळी लागते. आडव्या कापाच्या चेनचे दात तीस अंशांत घासलेले असतात. उभं चिरायला ते दहाच्या आसपास हवेत, नाहीतर मशीन नुसतं धापा टाकतं. प्रत्येक कापात तीन अष्टमांश इंच लाकडाचा भुसा होतो, तोही हळदीसारखा पिवळाधमक. संध्याकाळी आमचं खळं हळदीच्या कार्यासारखं दिसत होतं.

तिसऱ्या कापाला चेन खणकन वाजली. आजीने कपड्यांच्या दोरीसाठी कधीतरी ठोकलेला खिळा होता, झाडाने तो चार इंच पोटात घेतला होता. लोखंडाभोवती लाकूड निळंकाळं पडतं. तो डाग त्या फळीच्या टेबलावर आजही आहे, आई जेवताना नेमकी त्याच बाजूला बसते.

अडीच इंची पाच फळ्या निघाल्या. ओल्या लाकडाची एक फळी उचलायला चौघे लागले. त्या रात्री दमून मी तसाच झोपलो, टोकांना रंग लावला नाही. लाकडातलं पाणी टोकांतून सगळ्यांत वेगाने सुटतं. तिसऱ्या दिवशी दोन फळ्यांना वीतभर चिरा. मन्या, ही चूक तू करू नकोस. कापल्याच्या तासाभरात टोकांवर जाड ऑइलपेंट किंवा मेण चढव. मधला गाभा ज्या फळीत आला, ती फळी तर फाटलीच. गाभ्याकडून सालीकडे आखडतं त्यापेक्षा वाढीच्या वर्तुळांच्या दिशेने लाकूड जवळजवळ दुप्पट आखडतं, त्याला कोण काय करणार? तिचे दोन बाक केले.

उरलेल्या फळ्या पडवीत रचल्या. मध्ये दर दीड फुटावर इंचभर जाडीच्या पट्ट्या एकावर एक ओळीत, वर जांभे दगड. इंचाला एक वर्ष असा हिशोब सांगतात. मी दर महिन्याला तीच एक फळी काट्यावर ठेवून वजन वहीत लिहायचो. मे महिन्यात हलकी, ऑगस्टात पुन्हा दोन किलो जड. सलग दोन उन्हाळ्यांत वजन सारखंच आलं, तेव्हा टेबलाचं काम सुरू केलं.

सपाटीला राउटरसाठी, म्हणजे लाकूड तासायच्या यंत्रासाठी, दोन बाजूंना रूळ लावले, पण फळीचा पीळ शोधला आमच्या म्हाताऱ्या सुतारकाकांनी. फळीच्या दोन टोकांना दोन सरळ पट्ट्या उभ्या ठेवल्या, एक डोळा मिटला आणि म्हणाले, ‘हा कोपरा दोन सूत वर आहे.’ बरोबर दोन सूत! चीर पुढे फाटू नये म्हणून तिच्यावर त्यांनी डमरूच्या आकाराचा सागाचा तुकडा बसवला. पायांच्या चौकटीला मात्र भोकं गोल नाहीत, लांबट ठेवलीत, कारण पावसाळ्यात फळी रुंदीला फुगते आणि जखडली तर फाटते. वर जवसाचं तेल, तीन हात. तेलाच्या चिंध्या बोळा करून टाकू नकोस, त्या आपोआप पेटतात. पसरून वाळव.

तुझा आंबा फणसासारखा दमदार नाही, हे खरं. फणसाच्या गाभ्याला वाळवी सहसा शिवत नाही. आंब्याला महिन्याभरात बुरशीचे निळे डाग पडतात आणि भुंगा लागतो. म्हणूनच घाई कर, चिरायची. फळ्या ओल्या असतानाच बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडचं पाणी दोन्ही अंगांना मारायचं. पण रायवळाच्या गाभ्यातल्या त्या तपकिरी-करड्या लाटा कुठल्या दुकानात मिळणार नाहीत तुला. ज्या झाडाचा मोरांबा आपण दोघांनी बरणीतून चोरून खाल्ला, त्याच्यावर तुझ्या नातवंडांची ताटं मांडली जावीत असं मला मनापासून वाटतं.

आंबा आणि फणस दोन्ही १९६४ च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत आहेत. आधी वनखात्याच्या कार्यालयात जाऊन ये, कागद हातात ठेव.

शनिवारी सकाळच्या एसटीने चिपळूणला उतरतो. शिडी आणि रंगाचा डबा माझ्याकडे आहे. तू फक्त ओंडक्यावर ताडपत्री टाक, खाली दोन दगड सरकवून तो मातीपासून उचल, आणि व्यापाऱ्याला फांद्या दे. बुंध्याला हात लावू देऊ नकोस.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
सुध्या