चांगली वाइन स्वस्तात मिळते, फक्त दुकानदाराने बाटली हातात दिली पाहिजे

प्रति,
माननीय संपादक,

नमस्कार. तुमच्या रविवारच्या पुरवणीत परवडणाऱ्या वाइनवर जो लेख आला होता तो वाचला. लिहिलाय छान, पण त्यात सुचवलेल्या सगळ्या बाटल्या परदेशी आणि परवडणारी म्हणजे किती, तर अडीच हजाराच्या आत! अहो नाशिकमध्ये बसून हे वाचायचं म्हणजे कमालच झाली. इथे गंगापूर रोडने निघालं की अर्ध्या तासात दोन-तीन वायनरी लागतात, दिंडोरीकडे गेलं तर अजून, आणि चांगली वाइन म्हणून लेखात नाव कुणाचं तर इटलीचं आणि चिलीचं. म्हणून हे पत्र, थोडं लांबलं तर सांभाळून घ्या.

आधी परदेशी बाटलीचा हिशोब सांगते कारण तो कुणी सांगत नाही. परदेशी वाइनवर आपल्याकडे वर्षानुवर्षं १५० टक्के सीमाशुल्क चालत आलंय. समजा तिकडून एक बाटली जहाजभाडं, विमा सगळं धरून २०० रुपयांना मुंबई बंदरात उतरली, तर तिच्यावर ३०० रुपये शुल्क, झाले ५००. मग राज्याचे कर, लेबल नोंदवायची फी, आयात करणाऱ्याचा नफा, डिस्ट्रिब्युटर, दुकानदार, असं करत करत ती काउंटरवर येईपर्यंत बाराशे-तेराशे होतात. म्हणजे तुम्ही तेराशे मोजून प्यायलात काय, तर तिकडची २०० रुपयांची वाइन, जी तिकडे सुपरमार्केटच्या सगळ्यात खालच्या फळीवर असते. लेबल मात्र मस्त असतं, एखादा किल्ला नाहीतर घोडा.

यावर लोक म्हणतात ऑस्ट्रेलियाशी करार झाला ना, आता स्वस्त होणार. झालाय, डिसेंबर २०२२ पासून लागू आहे. पण त्यातली गंमत बघा, सवलत मिळते ती आयातीची किंमत पाच अमेरिकन डॉलर किंवा त्याच्या वर असलेल्या बाटलीला, १५० चं १०० टक्के आणि मग दरवर्षी थोडं थोडं कमी. पंधरा डॉलरच्या वर असेल तर एकदम ७५ वर. पाच डॉलरच्या खालच्या बाटलीला काहीच नाही. इथल्या शेतकऱ्याला धक्का बसू नये म्हणून ते तसं केलंय आणि बरोबरच आहे, माझी तक्रार नाही. पण त्याचा अर्थ असा की हजाराच्या आत चांगलं काही हवं असेल तर ते परदेशातून येणारच नाही, ते इथलंच असणार.

आणि इथलं आहे ना चांगलं! माझ्या मोठ्या बहिणीच्या सासरी दिंडोरी तालुक्यात बाग आहे, आधी सगळी थॉमसन, म्हणजे खायची द्राक्षं होती, आता काही एकरांवर वायनरीशी करार करून शेनिन ब्लां हे पांढऱ्या वाइनचं द्राक्ष लावलंय. दाजी स्वतः वाइनला हात लावत नाहीत, माळकरी आहेत, पण द्राक्षाबद्दल त्यांच्याशी बोलायला बसलं की संध्याकाळ जाते. ते सांगतात की वाइनच्या द्राक्षाला माल जास्त काढायचाच नसतो, खायच्या द्राक्षाला एकरी जेवढा काढतो त्याच्या निम्म्यावर थांबायचं, नाहीतर रसात पाणीच. एप्रिलमध्ये नवी काडी यावी म्हणून खरड छाटणी, पावसाळा सरत आला की फळ धरायला गोडी छाटणी, आणि तोडणी जानेवारी ते मार्च. म्हणजे वेलीवर पीक असतं ते थंडीत, दिवसा ऊन आणि रात्री चांगला गारवा, त्यामुळे गोडी भरते तरी आंबटपणा टिकतो. पांढऱ्या वाइनला हेच लागतं. शेनिन मूळचं फ्रान्समधल्या लुआर नदीच्या खोऱ्यातलं, पण आपल्या मातीत असं रुळलंय की विचारू नका.

एका बाटलीला द्राक्ष लागतं किलो-सव्वा किलो. शेतकऱ्याला किलोला चाळीस-पन्नास मिळाले असं धरा, म्हणजे बाटलीत द्राक्ष चाळीस ते साठ रुपयांचं. बाकीचं काच, बूच, लेबल, खोका, कर, कमिशन, जाहिरात. पांढरी वाइन स्टीलच्या टाकीत थंड ठेवून करतात आणि काही महिन्यांत बाटलीत भरतात, तिला ओकच्या पिंपात झोपवावं लागत नाही. रेड वाइनचं तसं नाही. फ्रेंच ओकचं २२५ लिटरचं नवं पिंप इथे येईपर्यंत साठ-सत्तर हजारांच्या पुढे जातं आणि त्यात भरतात फक्त ३०० बाटल्या, म्हणजे पहिल्या भरणीला नुसत्या लाकडाचेच दोनशेच्या वर पडले एका बाटलीला. मग सहाशे रुपयांच्या रेडवर 'ओक' वगैरे लिहिलेलं असलं तर काय समजायचं ते समजा, लाकडाचे तुकडे टाकीत सोडूनही वास येतो. म्हणून माझं सरळ मत आहे, हजाराच्या आत असाल तर पांढरी घ्या, शेनिन किंवा सोव्हिन्यों ब्लां, आणि रेड घ्यायचीच असेल तर थोडे पैसे साठवून एकदाच बरी घ्या. सुला, यॉर्क, सोमा, व्हॅलोने, ग्रोव्हर झाम्पा, अकलूजकडची फ्रातेल्ली, ह्यातल्या कुणाचीही पांढरी ताजी मिळाली तर त्या अडीच हजारवाल्या यादीसमोर बिनधास्त ठेवा. माझा यांच्याशी काही संबंध नाही हो, आधीच सांगते, नाहीतर म्हणाल बाईंना कमिशन मिळतं.

आता ताजी मिळाली तर म्हटलं ना, तिथेच सगळा घोळ आहे. पत्र लिहायला बसले ते खरं तर याच्यासाठी.

लोकांच्या डोक्यात बसलंय की वाइन जितकी जुनी तितकी भारी. स्वस्त पांढऱ्या वाइनला हे अजिबात लागू नाही, तिच्यात जी मजा असते ती पहिल्या वर्ष-दीड वर्षात, त्यानंतर ती नुसती उतरत जाते. आणि आपल्या दुकानांत काय परिस्थिती असते, बाटल्या रस्त्याकडे तोंड करून काचेच्या कपाटात उभ्या, दुपारभर पश्चिमेचं ऊन, वर ट्यूबलाइट, मे महिन्यात ४० डिग्री, आणि तिथे ती बाटली दोन-दोन वर्षं असते कारण खपते व्हिस्की आणि बियर. हापूसची पेटी कुणी मेमध्ये उन्हात ठेवून जूनमध्ये विकेल का? मध्यंतरी आमच्या भागातल्या एका दुकानातून शेनिन आणली, उघडली तर रंग चहासारखा आणि वास जळक्या साखरेचा. परत घेऊन गेले तर म्हणाला मॅडम वाइन अशीच असते, कडवट. पाहुण्यांपैकी एक जण पहिल्यांदाच वाइन पीत होते, त्यांचं मत कायमचं झालं की नाशिकची वाइन म्हणजे व्हिनेगर. वायनरीने केलं ते चांगलंच होतं, वाट लागली ती दुकानात, आणि नाव खराब झालं ते दिंडोरीच्या द्राक्षाचं.

बरं, गिऱ्हाईकाने बघून घ्यावी म्हटलं तर कशी बघणार? बहुतेक दुकानांना जाळी. जाळीतून हात घालून पैसे द्यायचे, मागून लोक 'क्वार्टर दे रे' म्हणून ढकलतायत, बायकांनी तिथे उभं राहायचं म्हणजे अजून वेगळा ताप, आणि त्यात तुम्ही म्हणणार जरा ती बाटली दाखवा, मागचं लेबल वाचायचंय. तो आधीच कागदात गुंडाळून मोकळा. अशा ठिकाणी माणूस काय करतो, माहितीतलं सगळ्यात मोठं नाव घेतो आणि सुटतो, किंवा महाग आहे म्हणजे चांगली असेल म्हणून महागातली उचलतो. परवडणारी चांगली वाइन मिळत नाही असं जे लोक म्हणतात ना, त्याचं अर्धं कारण हे आहे असं मला वाटतं.

जानेवारी २०२२ मध्ये तेव्हाच्या सरकारने निर्णय घेतला होता की मोठ्या किराणा दुकानात, सुपरमार्केटमध्ये वेगळं कपाट करून वाइन विकायला परवानगी द्यायची. केवढा गदारोळ झाला ते तुमच्याच पेपरात वाचलंय, अण्णा हजारेंनी उपोषणाचा इशारा दिला, विरोधकांनी मद्यराष्ट्र म्हटलं, आणि ते बारगळलं. किराण्यात वाइन असावी की नसावी यावर मी भांडणार नाही, मला दोन्ही बाजू कळतात, घरात दारूने वाट लागलेली माणसं मीही पाहिलीत. पण मग आहेत त्याच परवान्याच्या दुकानांत तरी एक एसीचं कपाट आणि जाळीच्या आत जाऊन बाटली हातात घेऊन बघायची सोय करायला काय हरकत आहे? त्याने दारू काही वाढत नाही. मुंबई-पुण्यात काही दुकानं तशी झालीत, नाशिकमध्येही दोन-चार आहेत, पण तालुक्याच्या गावी नाहीत. राज्याने २००१ साली द्राक्षप्रक्रिया धोरण आणलं, विंचूरला आणि पलूसला वाइन पार्क काढले, उत्पादन शुल्कात सवलती दिल्या, करणाऱ्यासाठी एवढं केलं मग पिणाऱ्याच्या हातात ती धड पोचते का हे बघणं हा त्याच कामाचा भाग नाही का? २००८ नंतर मंदी आली, कितीतरी वायनरी बंद पडल्या, शेतकऱ्यांनी कराराच्या बागा तोडून परत खायची द्राक्षं लावली. आमच्या दाजींच्या शेजाऱ्याने तोडलीय. गिऱ्हाईक टिकलं नाही तर ते परत होईल.

तोवर वाचकांनी काय करायचं तर एवढंच करा, भीड न ठेवता बाटली मागून घ्या आणि वर्ष बघा. आपल्याकडे २०२४ लिहिलं असेल तर द्राक्ष साधारण त्या वर्षीच्या जानेवारी-मार्चमध्ये तोडलेलं असतं, युरोपातलं २०२४ म्हणजे सप्टेंबर-ऑक्टोबर, त्यामुळे आपली बाटली वयाने सात-आठ महिने मोठी असते हे कुणी लक्षात घेत नाही. स्वस्त बाटलीवर कधीकधी द्राक्षाचं वर्षच नसतं, तेव्हा मागे बारीक अक्षरात किंवा काचेवर शाईने छापलेला भरल्याचा महिना शोधा. काचेच्या कपाटातली दर्शनी बाटली घेऊ नका, आतल्या खोक्यातली काढून द्या म्हणा. आणि ज्या दुकानात वाइन खपते त्याच दुकानातून घ्या, मग ते लांब असलं तरी चालेल. फिरकीचं झाकण बघून नाक मुरडू नका, पांढऱ्याला ते बुचापेक्षा बरं आणि उरलेली फ्रिजमध्ये ठेवायला सोपं, दोन-तीन दिवस आरामात टिकते. शक्य असेल तर सरळ वायनरीत जा, थोडे पैसे घेऊन चार-पाच प्रकार चाखायला देतात, आवडली तीच घ्या, तिथली बाटली दुकानात उन्हात उभी राहिलेली नसते हे काय कमी आहे. फक्त शनिवार-रविवार टाळा, मुंबईच्या गाड्यांनी रस्ता भरलेला असतो.

आणि ते स्वस्तातलं गोड पोर्ट वाइन म्हणून जे मिळतं, गोव्याहून लोक हौसेने आणतात (परवाना लागतो हो त्याला, नाक्यावर अडवतात), ते ज्याला आवडतं त्याने खुशाल प्यावं, पण ते पिऊन द्राक्षाची चव कशी असते ते कळणार नाही, साखरेखाली सगळं झाकलं जातं.

जेवणाबरोबर म्हणाल तर लेखात चीज आणि पास्ता दिलाय. आपल्या घरी काय रोज पास्ता असतो का! कोथिंबीर वडी, सुरळीची वडी, तळलेला पापलेट, ओल्या काजूची उसळ, यांच्याबरोबर गार शेनिन घेऊन बघा. तिखट रश्शाबरोबर मात्र रेड नको, तिचा तुरटपणा आणि अल्कोहोल दोन्ही मिळून तिखट अजून झोंबतं. रेड खोलीच्या तापमानाला प्या असं जे लिहितात ना ती खोली युरोपातली, १६ ते १८ डिग्रीची. मे महिन्यात जळगाव-नागपूरकडच्यांनी अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवूनच काढावी. उन्हाळ्यात पांढरीत मी बर्फाचा एखादा खडाही टाकते, जाणकारांनी माफ करावं किंवा करू नये.

वायनरीवाल्यांना तुमच्या पेपरातून दोन गोष्टी सांगायच्यात. एक, भरल्याचा महिना पुढच्या लेबलवर ठळक छापा, मागे शोधायला लावू नका. दुसरं, ३७५ मिलीच्या अर्ध्या बाटल्या वाढवा आणि त्यांची किंमत नीट लावा. आता अर्धी बाटली घेतली तर पूर्णच्या निम्म्यापेक्षा बरीच महाग पडते, त्यामुळे घरात एकच जण घेणारा असला की तो नाइलाजाने मोठी घेतो नाहीतर घेतच नाही. नवीन माणसाला चारशेच्या आत चाखून बघता आली तर तो परत येईल.

आणि तुम्हाला विनंती, पुढच्या फेब्रुवारीत तोडणी चालू असताना तुमचा वार्ताहर दिंडोरी-निफाडकडे पाठवा आणि हजाराच्या आतल्या इथल्या बाटल्यांवर लिहा, एमआरपी आणि भरल्याच्या महिन्यासकट. दाजींना विचारून ठेवलंय, बाग दाखवतील म्हणालेत, फक्त सकाळी आठच्या आत या, नंतर तोडणी थांबते.

आपली,
एक वाचक, नाशिक